बॅटरी दमली, फोन नाही

फोनच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी एक आकडा दडलेला असतो : बॅटरी हेल्थ, ८४ टक्के. तो एकदा सापडला की माणसाची झोप उडते. काल ८५ होता, आज ८४ कसा झाला? रात्रभर चार्जिंगला ठेवला म्हणून, की परवा शेजारच्यांचा चार्जर लावला म्हणून? मग घरातल्या जाणत्यांचे सल्ले सुरू होतात. पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस. शंभर झाल्याशिवाय काढू नकोस. नवा फोन आणलास ना, आधी आठ तास चार्ज कर. यातले बरेचसे सल्ले निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांच्या काळातले आहेत आणि त्या काळी ते चूकही नव्हते. आज आपल्या खिशात लिथियम-आयन बॅटरी असते. तिचं गणित वेगळं आहे, काही बाबतीत तर नेमकं उलटं.

तेव्हा आकड्याकडे बघून घाबरण्याआधी एक गोष्ट तपासू. दोष खरंच बॅटरीचा आहे का?

‘चार्जिंग टिकत नाही’ म्हणून दुकानात जाणाऱ्या सगळ्यांचीच बॅटरी बाद झालेली नसते. मोठा अपडेट आल्यावर पहिले दोन-तीन दिवस फोन आतल्या आत फोटो आणि फायली लावत बसतो. तेवढे दिवस चार्जिंग भराभर उतरतं आणि मग आपोआप ताळ्यावर येतं. रेंज नसेल तिथे तर विचारूच नका. घाटात, इमारतीच्या तळघरात, कोकणातल्या दोन डोंगरांमधल्या वाडीत फोन सतत टॉवर शोधत राहतो, आणि टॉवर जितका लांब तितक्या जास्त ताकदीने त्याला सिग्नल पाठवावा लागतो. गावी गेल्यावर दुपारीच फोन मान टाकतो आणि मुंबईला परतल्यावर पुन्हा रात्रीपर्यंत पुरतो, असं होत असेल तर बॅटरी बदलून काही मिळणार नाही. अशा ठिकाणी ५जी बंद करून ४जीवर या. रेंज अजिबातच नसेल तर सरळ एअरप्लेन मोड लावा.

सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर कोणतं अ‍ॅप किती टक्के खातंय याची यादी असते. ती एकदा शांतपणे वाचा. तुम्ही दिवसभरात उघडलंही नाही असं एखादं अ‍ॅप वरच्या दोन-तीनांत दिसलं तर आधी त्याचा बंदोबस्त करा : लोकेशनची परवानगी काढा, बॅकग्राउंडला चालणं बंद करा, नाहीतर सरळ अनइन्स्टॉल करा. एवढं करूनही, वापर तोच, रेंज चांगली, आणि गेल्या वर्षी रात्री दहापर्यंत पुरणारा फोन आता दुपारी चारलाच चार्जर मागतो, तर मग बॅटरीकडे वळा.

आकडा कुठे बघायचा? आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर ‘बॅटरी हेल्थ’ आहे. आयफोन १५ आणि त्यापुढच्या फोनमध्ये किती सायकल झाल्या हेही दिसतं. सॅमसंगवाल्यांनी ‘सॅमसंग मेंबर्स’ अ‍ॅपमधली तपासणी चालवावी; तिथे टक्का मिळाला नाही तरी बॅटरीबद्दल शेरा मिळतो. वनप्लसच्या अलीकडच्या फोनमध्ये आणि गुगलच्या पिक्सेल ८एपासून पुढे टक्का सेटिंगमध्येच सापडतो. बाकीच्या अँड्रॉइडवर ‘अ‍ॅक्युबॅटरी’सारखं अ‍ॅप टाकून आठ-पंधरा दिवस चार्जिंग मोजू द्यावं लागतं. एका दिवसात त्याने दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एवढं लक्षात ठेवा की हा आकडा कोणत्याही फोनवर अंदाजच असतो. बॅटरीच्या आत डोकावून बघायची सोय फोनकडे नाही. तो व्होल्टेज, करंट आणि तापमान यांच्यावरून हिशोब मांडतो. म्हणून कधी चार महिने ९१ वर आकडा अडून बसतो आणि मग एका आठवड्यात ८९ होतो. त्या आठवड्यात तुमच्या हातून काही पाप घडलेलं नसतं.

८० टक्के हेल्थ म्हणजे ५००० एमएएचच्या बॅटरीत आता ४००० एमएएचच मावतात, एवढाच त्याचा अर्थ. सायकल मोजायची रीतही सोपी आहे. सोमवारी ६० टक्के वापरले, मंगळवारी ४० वापरले, की दोन्ही मिळून एक सायकल. दिवसातून चार वेळा थोडं थोडं चार्ज केल्याने चार सायकल होत नाहीत, त्यामुळे घरी-दारी जमेल तेव्हा वायर लावायला काहीच हरकत नाही. आयफोन १४पर्यंतच्या फोनबद्दल अ‍ॅपलचं म्हणणं आहे की ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी. आयफोन १५पासून हाच हिशोब १००० सायकलवर नेला आहे. युरोपीय महासंघात २० जून २०२५पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला ८०० सायकलनंतर किमान ८० टक्क्यांचं बंधन आहे. रोज एक सायकल धरली तर ५०० म्हणजे साधारण सोळा महिने आणि १००० म्हणजे पावणेतीन वर्षं. तेव्हा दोन वर्षांच्या फोनची हेल्थ ८४ असणं ही बातमीच नव्हे. बॅटरी तिच्या वयाप्रमाणे वागते आहे.

ती म्हातारी का होते?

चार्ज करताना लिथियमचे आयन कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडमधून निघून पलीकडच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि फोन वापरताना परत येतात. पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो हवाच, त्याच्याविना बॅटरी चालणार नाही. पण पुढे तो हळूहळू जाड होत जातो आणि दर वेळी थोडं लिथियम त्यात अडकून कायमचं बाद होतं. क्षमता घटते ती मुख्यतः यामुळे. पापुद्रा जाड झाला की करंटला होणारा आतला विरोधही वाढतो, आणि त्याचे परिणाम पुढे बघूच. ही सगळी रासायनिक क्रिया फोन वापरला नाही तरी चालूच राहते. म्हणजे दुकानदाराच्या कपाटात चार वर्षं पडून असलेली ‘एकदम सीलपॅक’ बॅटरी नवी नसते.

हे म्हातारपण दोन गोष्टींमुळे लवकर येतं : उष्णता आणि भरलेपण. बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे.

बॅटऱ्या तपासायची यंत्रं बनवणाऱ्या कॅडेक्स या कॅनेडियन कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ने एक तक्ता प्रसिद्ध केला आहे, तो मला फार बोलका वाटतो. लिथियम-आयन बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली, वापरलीच नाही, तर किती उरते? ४० टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर वर्षाने ९६ टक्के क्षमता शिल्लक. तीच ४० अंशांत ठेवली तर ८५. पूर्ण १०० टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर ८०. आणि १०० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर ६५. फोनच्या बॅटरीला हे आकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. नुसती उष्णता वाईट, नुसतं भरलेपण वाईट, आणि दोन्ही एकत्र आले की बॅटरीचे दिवस भरले.

आता ४० अंश हा आकडा आपल्याकडे काय आहे ते सांगायला नको. अकोला, चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. अ‍ॅपल स्वतःच्या फोनसाठी शून्य ते ३५ अंश ही वापराची मर्यादा सांगते. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे घराबाहेर तर नाहीच, कूलर नसेल तर घरातही जमत नाही. इलाज नाही, पण त्या उन्हात आपण आणखी भर घालतो ती तरी टाळता येते.

खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मुलांचे फोन बघा. दुपारी दोनची वेळ, सिग्नलला गाडी थांबलेली. हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन आडवा, काच थेट उन्हात. ब्राइटनेस पूर्ण, कारण त्याखेरीज नकाशा दिसत नाही. नकाशा चालू, ५जी चालू, गाडीच्या यूएसबीला चार्जिंगची वायर लावलेली, आणि धुळीपावसासाठी वरून प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. उष्णतेच्या जितक्या वाटा आहेत तितक्या सगळ्या एकाच वेळी उघड्या. अशा फोनची बॅटरी वर्षभरात बसते आणि पोरगा म्हणतो कंपनीच बोगस आहे. कामच तसं असेल तर काय करावं? पिशवी पावसाळ्यापुरती ठेवा. मागे जाड कव्हर असेल तर उन्हाळ्यात काढा. रस्ता माहितीचा असेल तेव्हा स्क्रीन बंद करून कानात आवाजाच्या सूचनांवर चाला. चार्जिंग गाडी चालवताना करण्यापेक्षा हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघताना सावलीत, खिशातल्या पॉवर बँकेवर करा. टॅक्सी-रिक्षावाल्यांनाही हेच सांगेन. कारमध्ये काचेवर चिकटणाऱ्या होल्डरपेक्षा एसीच्या जाळीवर अडकणारा होल्डर कितीतरी बरा, फोनला गार हवा मिळते. आणि बंद गाडीत डॅशबोर्डवर फोन ठेवून जेवायला जाऊ नका.

घरातली उष्णता वेगळ्या वाटेने येते. चार्जिंगला लावून गेम खेळणं, व्हिडिओ कॉल करणं, हॉटस्पॉट चालू ठेवून दुसऱ्याला इंटरनेट देणं. चार्जिंगने तापलेला फोन वापराने आणखी तापतो. उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला ठेवू नका. तिथे उष्णतेला जायला जागा नसते, आणि बॅटरी राहिली बाजूला, आगीचाही धोका असतो. टेबल, खिडकीची फरशी, साधी जमीन, काहीही चालेल. वायरलेस चार्जिंग दिसायला छान, पण वायरीपेक्षा जास्त तापवतं. आणि फोन तापला म्हणून कुणी फ्रीजमध्ये ठेवत असेल तर कृपा करून ठेवू नका. बाहेर काढला की आत दव धरतं. पंख्याखाली पाच मिनिटं पुरेत.

आता भरलेपण. बॅटरी १०० टक्क्यांजवळ असते तेव्हा तिचं व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं आणि आतल्या रसायनांवरचा ताणही. म्हणून तर बहुतेक कंपन्यांनी ८० टक्क्यांवर थांबायची सोय दिली आहे. आयफोन १५पासून ती आहे. सॅमसंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’, इतरत्र ‘चार्ज लिमिट’ किंवा ‘स्मार्ट चार्जिंग’ अशा नावांनी सापडेल. दुसरी एक सोय याहून सौम्य आहे. तुम्ही रोज रात्री अकराला फोन लावता आणि सकाळी सहाला काढता, हे ओळखून फोन रात्रभर ८०वर थांबतो आणि उठायच्या थोडं आधी उरलेलं भरतो. ही दुसरी सोय सगळ्यांनी डोळे झाकून चालू करावी. ती असेल तर रात्रभर चार्जिंगला ठेवण्याची भीतीही उरत नाही.

पहिलीबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. दिवसभर टेबलापाशी, प्लगपाशी बसून काम करणाऱ्याने ८०ची मर्यादा जरूर लावावी, त्याचं काहीच बिघडत नाही. पण सकाळी साडेसहाला कर्जतहून निघून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाने ती का लावावी? दोन वर्षांनी बॅटरी ८० टक्के उरू नये म्हणून आजपासूनच ती ८० टक्के वापरायची, हा व्यवहार मला तरी समजलेला नाही. लोकलचं तिकीट मोबाइलवर, भाजीचे पैसे मोबाइलवर. तिकीट तपासनीस समोर उभा असताना फोन बंद पडला तर तुमच्या बॅटरीची हेल्थ किती आहे हे तो विचारणार नाही. १०० लागत असतील तर १०० भरा. फक्त भरलेला फोन तासन् तास उन्हात किंवा प्लगवर पडू देऊ नका.

खरी काळजी घ्यायची ती कायम प्लगला लावलेल्या फोनची. दुकानाच्या गल्ल्यावरचा, पैसे आल्याचं बघण्यासाठी ठेवलेला फोन. जुना फोन कॅमेरा म्हणून लावलेला. मुलांच्या अभ्यासाचा टॅब. हे वर्षानुवर्षं १०० टक्क्यांवर आणि कोमट राहतात, आणि बॅटऱ्या फुगतात त्या बहुधा यांच्याच. तिथे ८०ची मर्यादा लावाच. ती सोय नसेल तर दिवसातून काही तास प्लग बंद ठेवा.

शून्याचं काय? अधूनमधून फोन पूर्ण उतरला तर आकाश कोसळत नाही, पण मुद्दाम उतरवू नका. शून्यावर बंद पडलेला फोन तसाच कपाटात ठेवून महिनोन् महिने विसरणं मात्र घातक. बॅटरी आणखी खाली जाते, आतलं संरक्षक सर्किट तिला बंद करून टाकतं आणि पुढे ती चार्जच घेत नाही. फोन ठेवून द्यायचा असेल तर निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवा आणि सहा महिन्यांनी एकदा बघा.

फास्ट चार्जिंगने बॅटरी जळते ही भीती अवास्तव आहे. फोन वेग स्वतः सांभाळतो. सुरुवातीला जोरात घेतो आणि ८०च्या पुढे हळू होतो. तापणं हाच त्यातला दोष. रात्री घाई नसेल तर घरातला साधा चार्जर लावा, इतकंच. मात्र स्टेशनबाहेरचा शंभर रुपयांचा, कसलीही खूण नसलेला चार्जर घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

आता बॅटरीच्या आतल्या त्या वाढलेल्या विरोधाकडे येऊ. बॅटरी म्हातारी झालेल्या लोकांची सगळ्यात चमत्कारिक तक्रार ही असते : ‘२४ टक्के दाखवत होता, कॅमेरा उघडला आणि फोन बंद. चार्जरला लावला तर लगेच २० दाखवतो. म्हणजे चार्जिंग होतं ना!’ होतंच. पण कॅमेरा, फ्लॅश, व्हिडिओ यांना एका क्षणात भरपूर करंट लागतो. आतला विरोध वाढलेल्या बॅटरीने तो द्यायचा प्रयत्न केला की तिचं व्होल्टेज एकदम खाली कोसळतं, आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. थंडीत हे जास्त होतं. हिमाचल-लडाखला गेलेल्या कितीतरी जणांचे फोन ३० टक्क्यांवर झोपतात आणि हॉटेलात परतल्यावर उठतात, त्यामागेही हेच आहे. थंडीतलं झोपणं तात्पुरतं असतं. पुण्यात, घरात बसून फोन २० टक्क्यांवर बंद पडत असेल तर मात्र टक्का काहीही म्हणो, बॅटरी बदलायची वेळ झाली.

याच कारणावरून एक मोठं प्रकरण झालं होतं. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अ‍ॅपलने सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला, पण वापरणाऱ्यांना नीट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७मध्ये कंपनीने ते कबूल केलं. लोक भडकले, खटले झाले, आणि अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. मार्च २०१८मध्ये आलेल्या आयओएस ११.३मध्ये बॅटरी हेल्थचं पान आलं ते त्यानंतर. ज्या आकड्याने आज आपली झोप उडते तो मुळात ग्राहकांनी भांडून मिळवलेला आहे. त्या वेळी कितीतरी जणांना शोध लागला की आपला ‘जुना, हळू झालेला’ फोन नवी बॅटरी घातल्यावर पुन्हा पूर्वीसारखा पळतो. तेव्हा फोन हळू झाला म्हणून नवा घ्यायला निघाला असाल तर आधी बॅटरी तपासा. अलीकडे कंपन्या जुन्या बॅटरीवर अशा मर्यादा उघडपणे घालू लागल्या आहेत. पिक्सेल ६एला जुलै २०२५मध्ये सक्तीचा अपडेट आला. बॅटरी फार तापण्याचा धोका कमी करण्यासाठी, ४०० सायकल झालेल्या फोनची क्षमता आणि चार्जिंगचा वेग त्याने कमी केला.

बदलायची की फोनच घ्यायचा, याचं उत्तर टक्क्यात नाही. फोनला अजून सुरक्षेचे अपडेट येतात का? स्क्रीन धड आहे का? तुमची कामं त्यावर होतात का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर बॅटरी बदला, हेल्थ ८२ असो की ७४. कुकरची रिंग सैल झाली म्हणून कुणी कुकर मोडीत काढत नाही. अपडेट बंद होऊन वर्षं लोटली असतील, बँकेची अ‍ॅप चालायची थांबली असतील, तर त्या फोनवर पैसे घालू नका. आणि दिवस अजूनही आरामात निघत असेल तर काहीच करू नका. ७९ हा आकडा पडला म्हणून दुकानात पळायची गरज नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटर शक्य असेल तर तिथेच जा. जाण्याआधी फोनचा बॅकअप घ्या. डेटा गेल्यास जबाबदारी आमची नाही, या कागदावर तुमची सही घेतली जाते. मजुरी आणि कर धरून एकूण खर्च आणि नव्या बॅटरीची वॉरंटी किती महिने, हे आधी विचारा.

गावात सर्व्हिस सेंटर नसेल, आणि बहुतेक तालुक्यांत नसतंच, तर नाक्यावरच्या चांगल्या कारागिराकडे जायला कमीपणा नाही. काम कसं चालतं हे एकदा समोर बसून बघा, कारागीर ओळखता येतो. चांगला माणूस आधी फोन बंद करतो. मागची काच गरम प्लेटवर ठेवून गोंद मऊ करतो, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सावकाश फिरवतो. काच निघाली की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवतो. बॅटरी खालून चिकटवलेली असते. ती ओढून निघणाऱ्या पट्टीने किंवा थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून हळूहळू उचलतो. जो लोखंडी पान्याने बॅटरी खालून उपटायला लागतो त्याच्याकडून फोन परत घ्या. पातळ पाकिटातली ती बॅटरी वाकली किंवा टोचली गेली तर तिथेच पेट घेऊ शकते. शेवटी नवा गोंद किंवा टेप लावून काच बसवली जाते, पण कारखान्यातलं पाणीरोधक सील परत येत नाही. नंतर पावसात फोन बाहेर काढताना हे ध्यानात असू द्या.

बॅटरी लावायच्या आधी हातात घेऊन बघा. लेबलवर आयएस १६०४६ आणि ‘आर’चा नोंदणी क्रमांक हवा, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. उत्पादनाची तारीख असेल तर वाचा. मूळ ४००० एमएएचच्या जागी त्याच मापाची ६००० एमएएचची ‘हाय पॉवर’ बॅटरी कुणी दाखवली तर ती हमखास कॉपी. आयफोन एक्सएस-एक्सआरपासून पुढे कंपनीबाहेरची बॅटरी घातली की सेटिंगमध्ये तसा संदेश येतो. फोन चालतो, पण विकताना भाव पडतो.

बॅटरी बदलायला एवढा खटाटोप करावा लागावा, हे मला पटत नाही. २००७च्या ऑगस्टमध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता, चार्जिंगला त्या तापू शकतात म्हणून. तेव्हा आपल्याकडे लोकांनी नखाने मागचं झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर वाचला आणि मोकळे झाले. आज तोच नंबर वाचायला गरम प्लेट लागते. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांमधल्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता याव्यात असा नियम लागू होतो आहे. बराच काळ टिकणाऱ्या बॅटरीच्या फोनना त्यातून वाट मिळते, तरी पाऊल चांगलं आहे.

नवी बॅटरी घातल्यावर आठ तास चार्जिंगचा विधी नको. साधं वापरा, आणि पहिल्या आठवड्यात एकदा २० टक्के असताना कॅमेरा फ्लॅशसह चालवून बघा. फोन बंद पडला तर लगेच परत जा, वॉरंटी त्यासाठीच असते. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पावती मात्र हवी, आणि पावतीवर ‘बॅटरी’ असं लिहिलेलं हवं.

शेवटची बाब घाईची आहे. फोनची मागची काच किंवा स्क्रीन एका कडेने उचलली गेली असेल, फोन टेबलावर सपाट न बसता डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. त्यात वायू साठला आहे. अशा फोनचं चार्जिंग त्याच क्षणी थांबवा, तो बंद करा, दाबून काच बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी लावायचा तर विचारही नको. कागद-कापडापासून दूर, फरशीवर किंवा धातूच्या भांड्यात ठेवा आणि दुकान उघडलं की घेऊन जा. विमानप्रवास असेल तर तो फोन बरोबर नेऊ नका.

काढलेली बॅटरी घरी आणू नका, आणलीच तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत कचरा दाबला जातो तेव्हा अशी बॅटरी चिरडून पेटू शकते, आणि ती आग विझवायला तिथे फक्त कचरा वेचणारी माणसं असतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर ती जमा करा. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते. तोपर्यंत बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.